दादांचं वाक्य

आज तू बोलायचं नाहीस, असं दादांनी आपल्या बायकोला, थोरलीला, सकाळीच बजावलं होतं. बजावलं म्हणजे, दाढी करता करता डाव्या हाताचं बोट आधी तिच्या ओठांवर ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठोकलं. गालाला साबणाचा फेस आणि डोळ्यांत अशी जरब, की तिला हसूच आलं. "बरं बाबा, नाही बोलत. तोंडाला कुलूप," ती म्हणाली. दुपारी दादांच्या मागोमाग दुकानाच्या अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरेपर्यंत ते कुलूप तिला अगदी हलकं वाटत होतं.

आत सगळे जमले होते. दुकानाची डागडुजी संपली होती. उद्या ते पुन्हा उघडायचं होतं, आणि आजच्या सुट्टीत घरच्यांनी मिळून शेवटचा हात फिरवायचा असं धाकट्या दिरानं ठरवलं होतं. नव्या फळ्यांना वॉर्निशचा वास येत होता. पडद्यांच्या कापडाचे तागे अजून कागदात गुंडाळलेले, भिंतीला टेकून उभे होते. धाकटा शिडीवर चढून दिवे बसवत होता, त्याची बायको, धाकटी, खालून शिडी धरून "पडाल हो" म्हणत होती, आणि ताई, म्हणजे दादांच्या पाठची बहीण, स्वतः भाजून आणलेला केक कापायला सुरी शोधत होती. सासूबाई मापाच्या टेबलाशी स्टुलावर बसून सगळ्यांच्या चुका काढत होत्या. त्यांचे गुडघे गेले होते, पण नजर अजून कात्रीसारखी होती.

आणि मधोमध चादरीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं.

"दादा आला!" धाकटा शिडीवरून जवळजवळ उडीच मारून उतरला. "डोळे मीट. मीट म्हणतो ना!" आणि त्यानं जादूगारासारखी चादर ओढली.

सासऱ्यांची खुर्ची. त्यांच्या पश्चात दादांची. धाकट्यानं तिला विटकरी मखमल चढवली होती, आणि उजव्या बाजूला दादांचा अधू हात टेकायला एक रुंद, मऊ पट्टी मुद्दाम बसवून घेतली होती. थोरलीनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. वाईट हेतूनं केलेल्या गोष्टीला नाही म्हणता येतं. इतक्या मायेनं केलेल्या गोष्टीला कसं म्हणायचं?

"उद्यापासून तू इथं," धाकटा म्हणाला. "काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं. काचेतून बघितलं की गिऱ्हाइकाला दादा दिसला पाहिजे."

"राजासारखा," सासूबाई म्हणाल्या.

पुतळ्यासारखा, थोरलीच्या मनात आलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

एकेकाळी या खुर्चीतून दादांनी अख्खी बाजारपेठ जिंकली होती. गिऱ्हाईक न्हाणीघराचा पडदा घ्यायला येई आणि दिवाणखान्याचं कापड घेऊन जाई, वर दादांनी सांगितलेला विनोद घरी जाऊन पुन्हा सांगे. घरातले तंटेही दादाच मिटवत. ताईच्या लग्नाचा घोळ असो की धाकट्याचं दुसऱ्या दुकानाचं खूळ, शेवटचा शब्द त्यांचा. आणि मग एका सकाळी मेंदूतली एक बारीकशी शीर फुटली. उजवा हात लाकडासारखा झाला आणि शब्द हरवले. नुसते हरवले असते तरी बरं, पण ते जागा बदलून बसले. चमचा हवा असला की दादा किल्ली मागत. डोकं शाबूत होतं, सगळं समजत होतं. फक्त मनातला शब्द एक आणि तोंडातून निघे भलताच. दोन वर्षांत पुष्कळ सुधारणा झाली होती, पण चार लोकांत, घाईत, अजून तसंच होई. म्हणून मग थोरली त्यांच्या वतीनं बोलायला लागली. न्हाव्याशी, डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी. त्यांची वाक्यं ती पुरी करायची. कधी बरोबर, कधी आपल्या सोयीनं.

बागेची वाट इस्पितळानंच दाखवली होती. आवारामागे, जुन्या धुलाईघराच्या जागेत, अपंगांसाठी बागकामाची शाळा होती. तिथली टेबलं उंच, मातीनं भरलेली, खालून चाकांची खुर्ची आत सरकेल अशी. वाटेच्या कडेनं एक दोर बांधलेला, त्याला धरून न दिसणाऱ्यांनी चालायचं. खुरप्यांच्या मुठी जाड, अधू हातातही मावतील अशा. पहिल्यांदा ते सगळं पाहून थोरलीला रडू आलं होतं. एवढा मोठा माणूस, आणि याला मातीत खेळायला बसवतायत! दादाही टेबलाकडे पाठ करूनच बसायचे.

त्यांना वळवलं मैनेनं. हे तिचं टोपणनाव. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती, आजारात दृष्टी गेली, पण जिभेला सुट्टी नव्हती. "अहो, तिकडचे!" एक दिवस ती दादांना म्हणाली. "श्वास ऐकू येतोय, म्हणजे जिवंत आहात. मला एवढं सांगा, हे रोप वाकडं लागलंय की सरळ? बोलू नका हवं तर. वाकडं असलं तर टेबल वाजवा." दादांनी टेबल वाजवलं. तेव्हापासून ती बोलायची आणि दादा बघायचे. दादांचा ट्रे टेबलाला चिमट्यानं घट्ट बसवून दिलेला असे. डाव्या हातानं एकेक कोवळं रोप पानाला धरून उचलायचं, देठाला बोट लागू द्यायचं नाही, आणि अलगद मोठ्या कुंडीत लावायचं. हळूहळू रोपांच्या खोलीत कुठं पाणी जास्त झालं, कुठं ऊन कमी पडलं, हे दादा खुणेनं सांगायला लागले. नवीन आलेली माणसं, कुणी गोंगाटाला घाबरणारं, कुणी हात थरथरणारं, दादांच्या शेजारी जाऊन बसायला लागली.

"याचं कारण आहे," बागेच्या बाई थोरलीला म्हणाल्या होत्या. "ज्याला पटकन बोलता येत नाही, तो पटकन रागावतही नाही. आमच्या रोपांच्या खोलीला असाच माणूस हवाय. शिकाऊ म्हणून नाही, नोकरीवर. पण घरी हे दादांनी स्वतः सांगायचं. त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलंत, तर तो निर्णय तुमचा होईल."

म्हणून गेला आठवडाभर दादा एक वाक्य घोकत होते. मला बागेत काम करायचंय. नळासमोर, आरशासमोर, गच्चीवर कपडे वाळत घालताना. काल रात्री तर ते वाक्य असं गुळगुळीत झालं होतं की थोरलीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

आता दादांनी खुर्चीच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि घसा साफ केला.

"मला," दादा म्हणाले.

ताईची सुरी केकमध्येच थांबली.

"मला... काम... काम करायचंय."

"अरे वा!" धाकटा म्हणाला.

दादांनी हात वर करून त्याला थांबवलं. कपाळावर घाम आला होता. "मला," त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी शब्द धबाधबा आले, "मला दुकानात काम करायचंय!"

जन्मभर जिभेवर रुळलेला शब्द ऐन वेळी उडी मारून पुढं आला होता. दादांनाही तो ऐकू आला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो बघायला कुणाला सवड होती? धाकट्यानं त्यांना मिठी मारली होती, ताई "पूर्ण वाक्य बोलला, आई, पूर्ण वाक्य!" असं ओरडत होती, आणि सासूबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"नाही," दादा म्हणाले. "नाही. नाही दुकान."

"आई, नाही म्हणतोय गं तो," ताई म्हणाली.

"अगं, त्याचं हो-नाही उलटसुलट होतं," धाकट्यानं समजूत काढली. "इस्पितळात चहा हवा असला की मान हलवून नाही म्हणायचा, आठवतं ना?"

ते खरं होतं. पण ते तेव्हाचं होतं. माणसाचं 'नाही'सुद्धा त्याच्याकडून काढून घेतलं, तर त्याच्याजवळ उरतं काय? दादांनी खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटली. एकदा, दोनदा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वहिनी," ताई एकदम गंभीर झाली, "हे काही आनंदाचं रडणं नाही. तू सांग, काय म्हणतोय तो? तुला कळतं त्याचं सगळं."

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. एक वाक्य बोलायचा अवकाश, आणि सगळं सुटलं असतं. तिनं दादांकडे बघितलं. ते तिच्याकडे विनवणीनं बघत नव्हते. पोहायला शिकणारा माणूस काठावरच्या माणसाकडे जसा बघतो, तू उडी मारू नकोस, मी बुडत नाहीये, तसं बघत होते.

"त्यांचं त्यांनाच विचारा, ताई," ती म्हणाली. "आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

"मी सांगू का?" हा आवाज धाकटीचा होता, आणि सगळे दचकले. या घरात आल्यापासून ती सासूसमोर स्वतःहून कधी बोलली नव्हती. "मला वाटतं, भावजींना त्या खुर्चीत बसायचंच नाहीये."

"तू गप गं," धाकटा म्हणाला.

"का गप? खुर्ची रिकामी दिसली की तुम्हाला झोप लागत नाही. भावजींना बसवलं म्हणजे तुम्हाला बसायला नको. एवढंच आहे ते."

तेवढ्यात सासूबाईंनी कापड मोजायची लोखंडी पट्टी उचलून टेबलावर खण्णकन आपटली.

"बस झालं! ह्याला मी बोलायला शिकवलं तेव्हा मध्ये लुडबुडायला तुमच्यातलं कुणी नव्हतं. बोल रे बाळा. मला काही घाई नाही."

दादा शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग पाठ केलेलं वाक्य सोडून देऊन, अंधारात हातानं भिंत चाचपावी तसे, दादा एकेक शब्द चाचपत निघाले.

"सकाळी... पाणी. छोटी, छोटी..." त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी इवलंसं धरून दाखवलं. "ती बोलते. बोलते, बोलते, बोलते."

थोरलीला मैना आठवून हसू फुटलं. ते तिनं खोकल्यात लपवलं.

"मी बघतो. कुणी... घाबरला, तर इथं." त्यांनी पायरीवर शेजारची जागा थोपटली. "इथं बसतो. मग... नाही घाबरत." ते थांबले. डाव्या हातानं त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, तो सगळ्यांना दाखवत असल्यासारखा. "माती. मला... माती पाहिजे."

"माती?" धाकट्याचा आवाज चिरकला. "बाबांचं दुकान सोडून माती खाणार आहेस का तू?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. थोरल्या भावाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. सासूबाईंची पट्टी पुन्हा उचलली गेली. पण दादा त्याच्याकडे टक लावून बघत होते, आणि त्यांच्या तोंडाची धड बाजू हळूहळू वर चढत होती.

"खाणार," दादा म्हणाले. लख्ख, एका दमात. मग सौदा पक्का करण्याआधी पूर्वी करायचे तसं त्यांनी एक बोट वर केलं, सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि म्हणाले, "चवीनं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. पहिल्यांदा सासूबाई हसल्या. नाकातून, मग खांदे हलवत, मग चष्मा सांभाळत. ताई हसता हसता तागा पाडून बसली. धाकटी भिंतीकडे तोंड करून हसली. दोन वर्षं ज्याला भरवायचं, पुसायचं, सावरायचं म्हणून सगळे धडपडत होते, तो दादा नव्हताच कुठे गेलेला. तो आतच बसून टोमणा मारायची संधी शोधत होता.

एकटा धाकटा हसत नव्हता. पडलेल्या ताग्यावर तो मटकन बसला. "मग मी काय करू?" तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. मी न बोलणाऱ्यांतला आहे रे दादा. मी कापतो सरळ, मोजतो नीट. पण गिऱ्हाईक समोर आलं की घसा सुकतो माझा. तू समोर दिसलास तर निदान धीर तरी येईल."

दादा उठून त्याच्यापाशी गेले. स्वतःच्या तोंडाकडे बोट करून त्यांनी मान हलवली. "मी पण," ते म्हणाले. "मी पण... नाही बोलत."

धाकट्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

"ऐक," दादांनी कानाला हात लावला. "गिऱ्हाईक... बोलतं. तू ऐक." आणि दोन बोटं धाकट्याच्या छातीला लावून ते त्याला मागं मागं ढकलत गेले. पाय खुर्चीला लागले आणि धाकटा मखमलीवर बसला, तापल्या तव्यावर बसावं तसा, अगदी कडेला.

"नीट टेकून बस," सासूबाई खेकसल्या. "मखमल काय माझ्यासाठी चढवलीस? ती उजवीकडची पट्टी काढून टाक उद्या, अडचण होईल." मग त्या दादांकडे वळल्या. हसू ओसरलं होतं. "आणि तू. माझा मुलगा लोकांच्या कुंड्या भरणार, हे काही मला अजून पटलेलं नाही. कुठं भरणार ते बघू तर दे."

"आत्ता?" ताई म्हणाली. "आज सुट्टी असेल ना तिथं."

"झाडांना... नाही सुट्टी," दादा म्हणाले. आज संध्याकाळच्या पाण्याची पाळी त्यांचीच होती.

मग सगळी मंडळी दुकानाच्या टेंपोत बसली. सासूबाई पुढं, धाकट्याशेजारी, आणि बाकीचे मागं ताग्यांच्या गठ्ठ्यांवर, केकचा डबा ताईच्या मांडीवर. वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. धाकटी थोरलीच्या कानात म्हणाली, "वहिनी, मी फार बोलले का हो?" थोरली म्हणाली, "सुरुवात म्हणून ठीक आहे."

बागेत उन्हं कलली होती. चाकांच्या खुर्चीतला एक माणूस लांब नळीनं वरच्या टोपल्यांना पाणी घालत होता, एक बाई दोराला धरून सुकी पानं गोळा करत येत होती. दादांनी फाटकाशी कुणाची वाट पाहिली नाही. ते तडक रोपांच्या खोलीत शिरले, झारी घेतली, आणि डाव्या हातानं ट्रेवरून पाऊस पाडत निघाले. प्रत्येक ट्रेपाशी थांबायचं, बोटाचं टोक मातीत रुतवून बघायचं, मग पाणी घालायचं किंवा पुढं जायचं. घरात थोरलीच्या आधाराशिवाय जिना न उतरणारा माणूस इथं पाण्यानं निसरड्या झालेल्या फरशीवर न बघता पाय टाकत होता.

थोरली नळापाशी उभी राहिली. तिला काही करायचं नव्हतं. कुणासाठी बोलायचं नव्हतं, काही सावरायचं नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला सुचेना, मग तिनं ते थंड पाण्याखाली धरले आणि तसेच धरून ठेवले. किती बरं वाटलं तिला!

सासूबाई मात्र चालून थकल्या होत्या. उंच टेबलापाशी एक बाक दिसला, त्यावर त्या टेकल्या. शेजारी मैना कुंड्या भरत होती.

"नवीन आलात वाटतं," मैना म्हणाली. "पाय ओढत आलात, म्हणजे गुडघे. इथं सगळ्यांचं काही ना काही आहे, लाजू नका. हात द्या."

"अहो, मी काही..." सासूबाई म्हणेपर्यंत त्यांच्या तळहातावर ओलसर माती आणि एक बोटभर उंचीचं रोप येऊन पडलं होतं.

"खड्डा करा, रोप ठेवा, माती सारा. दाबायचं नाही फार. बोलायला हरकत नाही, उलट बोलाच. आमचे मुनी बोलत नाहीत, त्यामुळे दोघांचं मलाच बोलावं लागतं."

"कोण मुनी?"

"ते काय, झारीवाले. फार गुणी माणूस. कुणाचा मुलगा आहे कोण जाणे, पण वळण चांगलं लावलंय घरच्यांनी."

ताईनं तोंडावर हात धरला. धाकटा पुढं होऊन काही सांगणार होता, पण त्याच्या बायकोनं त्याची बाही ओढली. सासूबाईंनी चष्मा नीट केला, कुंडीत बोटानं खड्डा केला आणि रोप ठेवलं. ते कललं. त्यांनी जोरात माती दाबली. तेव्हा मागून एक हात आला आणि त्यांच्या हातावर विसावला.

"हळू," दादा म्हणाले. "हळू, आई. असं."

त्यांनी रोप पानाला धरून पुन्हा उचललं, सरळ केलं, आईच्या बोटांनी माती सारली. सासूबाई मुलाच्या हाताकडे बघत राहिल्या. मग दुसरं रोप त्यांनी स्वतः उचललं, पानाला धरून. ते सरळ लागलं. तिसरं त्याहून सरळ.

बाहेर टेंपोपाशी केक कापून झाला. धाकट्यानं बागेच्या बाईंना एक तुकडा नेऊन दिला, आणि त्या कुंड्यांना सावली धरायला कसलं कापड हवं ते सांगत राहिल्या. तो नुसता ऐकत उभा होता, मध्येच मान डोलवत. थोरलीनं ते लांबून पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ताईनं हाक मारली, "आई, चल गं, निघू या. उद्या सकाळी दुकान उघडायचंय."

"उघडा की," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. त्यांच्या नखांत काळी माती भरली होती. "मला हा ट्रे पुरा करू दे."